सगळ्यांना एकच दर

रेगेन्सबर्ग
रविवार, १४ सप्टेंबर

शर्टावरचा डाग निघाला नाही. रक्त माझं नाही, हे आधी लिहून ठेवतो.

काल दुपारी दगडी पुलाजवळच्या चौकात आमचं सह्यांच्या मोहिमेचं टेबल लागलं होतं. एक दाढीवाला माणूस आला, त्याने पत्रक वाचलं आणि चुरगळून माझ्या तोंडावर फेकलं. "तुला लाज नाही वाटत?" म्हणाला. टेबलामागे आम्ही पाच जण होतो, मलाच का? मी उत्तर द्यायच्या आत टोबी टेबलाला वळसा घालून गेला आणि त्याने त्या माणसाच्या नाकावर स्वतःचं डोकं आपटलं. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. माणूस माझ्या अंगावर कोसळला. मी त्याला धरलं की ढकललं, आता नक्की आठवत नाही. तो खाली पडल्यावर टोबीने त्याच्या बरगड्यांत आणखी दोन लाथा घातल्या. मग ब्रांडल "बास" म्हणाला आणि सगळं थांबलं. पाच मिनिटांत टेबल सरळ करून आम्ही पुन्हा सह्या घ्यायला लागलो.

हे बरं झालं नाही. पण सुरुवात त्या माणसाने केली.

या कामाची नोंद ठेवायची म्हणून आजपासून वही सुरू करतो आहे. चोपन्न वर्षांत मी कुठल्या चळवळीत पडलो नाही. पुण्यात असताना मोर्चा दिसला की गल्ली बदलायचो. इथे बावीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं, जर्मन पासपोर्ट घेतला, घर घेतलं, आणि दर महिन्याला पगारपत्रक बघून दात खाल्ले. शेजारी ब्रांडलचा इमारतींना परांच्या बांधून देण्याचा मोठा धंदा आहे. उन्हाळ्यात कुंपणापलीकडून एकदा म्हणाला, "श्याम, तू जास्त काम करतोस म्हणून तुला जास्त टक्के. हा न्याय आहे?" (श्यामकांत त्याला जड जातं.) इतक्या वर्षांत कोणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांच्या मंडळाची मागणी सोपी आहे: सगळ्यांना आयकराचा एकच दर, पंचवीस टक्के. चढत्या पायऱ्या नकोत, सवलती नकोत. टोबी हा त्याचा पुतण्या, त्याच्या यार्डावर काम करतो. गरम डोक्याचा आहे, पण मनाने साधा वाटतो.

मंगळवार, १६ सप्टेंबर

साधनाने शर्ट पुन्हा थंड पाण्यात घातला. "गरम पाण्याने रक्त बसतं," म्हणाली. ती वृद्धाश्रमात नर्सिंगचं काम करते, तिला हे रोजचं आहे. मग मागे वळून न बघताच विचारलं, "अहो, कोणाचं आहे?"

"एक दारुडा होता," मी म्हटलं.

तो प्यायलेला नव्हता. का खोटं बोललो कळत नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

आज घरात जे झालं ते नीट लिहायला हवं.

ब्रांडल आणि टोबी जेवायला आले होते. आमची मुलगी ईप्सिताही आली. ती इथल्याच विद्यापीठात अर्थशास्त्र शिकते, मित्रमैत्रिणींबरोबर वेगळी राहते. ती जर्मनमध्येच उत्तरं देते, मी इथे मराठीत उतरवतो आहे.

ब्रांडलने मसालेभात दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि म्हणाला, "तुझा बाप आमचा सगळ्यात चांगला माणूस. चार तारखेला सभेत बोलणार आहे."

"काय बोलणार?"

मी म्हटलं, "हेच, की माझ्या कमाईतले बेचाळीस टक्के सरकार नेतं."

ईप्सिताने काटा खाली ठेवला. "बाबा, नाही नेत. वर्षाच्या पहिल्या साधारण बारा हजार युरोंवर शून्य आहे. तिथून दर हळूहळू चढतो. बेचाळीस फक्त सगळ्यात वरच्या तुकड्याला लागतात, आणि तुझा नि आईचा कर एकत्र धरला तर तुम्ही त्या पायरीपर्यंत पोचतही नाही. पगारपत्रकात कपात मोठी दिसते, कारण त्यात पेन्शन आहे, आरोग्यविमा आहे. तू इंजिनियर आहेस ना? कधी गणित करून नाही बघितलंस?"

टोबी खो खो हसला. ब्रांडलही हसला, पण तो माझ्याकडे बघून हसला. माझे कान तापले.

"बरं, गणित राहू दे," ब्रांडल म्हणाला. "मी पहाटे पाचला उठतो. चाळीस माणसांना काम देतो. जो दुपारपर्यंत झोपतो त्याला शून्य आणि मला शिक्षा. यात न्याय कुठे आहे?"

"दुपारपर्यंत कोण झोपतं? माझ्या आईच्या कामावर मनोरमामावशी आहे. ती पण पाचला उठते. एकटी दोन मुलं वाढवते. तिच्याकडून तुम्ही पंचवीस टक्के घेतलेत तर तिच्या घरातलं हीटिंग जाईल. तुमच्याकडून घेतले तर काय जाईल? काहीच नाही, उलट आत्तापेक्षा जास्त उरेल. टक्का सारखा असला म्हणून भार सारखा होत नाही." मग माझ्याकडे वळली. "बाबा, तू आम्हाला हरिश्चंद्रगडावर नेलं होतंस तेव्हा पाणी आणि तंबू कोणाकडे दिले होते? सगळ्यांना समान वजन दिलं होतंस? मी नऊ वर्षांची होते, माझ्याकडे फक्त माझा स्वेटर होता. सगळ्यात मोठी सॅक तू घेतलीस. तेव्हा कोणी म्हणालं नाही की बाबाला शिक्षा झाली."

साधना हळूच म्हणाली, "औषधसुद्धा आम्ही वजन बघूनच देतो."

तेवढ्यात टोबी म्हणाला, "श्याम, घरात कोण बोलतं रे, तू की बायका?"

मी उठलो आणि ईप्सिताच्या तोंडात मारली.

आयुष्यात पहिल्यांदा. अंगठी ओठाला लागली. रक्त हनुवटीवरून भातात पडलं. तिने रुमाल लावला, जाकीट घेतलं आणि गेली. रडली नाही. साधना तिच्यामागे जिन्यापर्यंत धावली. ब्रांडलने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कधीकधी लागतं," म्हणाला. ते बरंच वाटलं, हेही लिहून ठेवतो.

सोमवार, २२ सप्टेंबर

तळहात अजून झिणझिणतो आहे. ऑफिसात माऊस डाव्या हातात घेतला.

शनिवार, ४ ऑक्टोबर

भाषण उत्तम झालं. दोनशेच्या वर माणसं असतील. मी म्हटलं, "मी या देशात दोन बॅगा घेऊन आलो. मला कोणी सवलत दिली नाही. मला सवलत नको, समान वागणूक हवी." टाळ्या थांबेनात. मागून कोणीतरी ओरडलं, "याला इथे राहू द्या!" आणि सगळा हॉल हसला. मीही हसलो. बव्हेरियन लोकांचा विनोद रांगडा असतो, पण त्यात माया असते.

बेचाळीस टक्क्यांचं वाक्य मात्र मी गाळलं. रात्री गणित केलं होतं. ईप्सिता बरोबर होती. ब्रांडलला सांगितलं तर म्हणाला, "कोण मोजतंय?"

हॉलबाहेर दोन पोरं विरोधाचा फलक घेऊन उभी होती. यार्डावरच्या माणसांनी फलकाच्या काठीनेच त्यांना बडवलं. एकाचा कान फाटला. मी दुसऱ्या दाराने बाहेर पडलो.

नंतर बिअर घेताना ब्रांडल म्हणाला, "हे असं चालायचं नाही. तुझी मुलगी आणि तिचे मित्र आपल्याविरुद्ध पत्रकं काढतात ना, त्यांच्या गटाला आपण समोरासमोर चर्चेला बोलावू. ते भेटतात कुठे?" मला फार बरं वाटलं. तिच्याशी पुन्हा बोलायला हीच वाट निघेल. मी सांगितलं: दर गुरुवारी सहाला, एका सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची खोली. समोरचं दार तेव्हा बंद असतं, अंगणातून मागच्या दाराने जावं लागतं, तेही सांगितलं. मी एकदा तिची बॅग द्यायला गेलो होतो तेव्हा समोर अर्धा तास ताटकळलो होतो. त्यांना तसं नको व्हायला.

टोबीने मोबाइलवर लिहून घेतलं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

काल संध्याकाळी ईप्सितावर हल्ला झाला.

उजवा हात दोन ठिकाणी मोडला आहे, कोपराखाली आणि मनगटाजवळ. हाड कातडीबाहेर आलं होतं. धातूच्या पट्ट्या घालून आत बसवलं. डोक्याला नऊ टाके. तिचा मित्र योनास, जो सगळी पत्रकं लिहितो, त्याचा जबडा तुटला आहे आणि तो एका डोळ्याने बघू शकेल की नाही हे अजून सांगत नाहीत. तो बावीस वर्षांचा आहे.

ती शुद्धीवर आल्यावर जेवढं बोलली ते असं: सव्वासहाला समोरचं दार कोणीतरी जोरजोरात बडवायला लागलं. काच फुटली. आत नऊ जण होते, सगळे मागच्या दाराकडे पळाले. अंगणात चार माणसं उभीच होती. तोंडं झाकलेली, हातात लोखंडी नळ्या. पहिला बाहेर पडला योनास. नळी तोंडावर बसली, तो खाली पडला, तरी मारत राहिले. ईप्सिता त्याच्या अंगावर पडली. एकाने तिचे केस धरून ओढलं, तेव्हा तिने त्याच्या हाताला, अंगठ्याखाली, कडकडून चावा घेतला. रक्ताची चव आली, म्हणाली. मग त्याने तिचा हात पायरीवर धरून ठेवला आणि दुसऱ्याने त्यावर नळी मारली. दोनदा.

"नीट धरून," ती म्हणाली. "जसं लाकूड तोडतात."

पोलीस बाईंनी विचारलं, जागा कोणाला माहीत होती? ईप्सिता म्हणाली, आमच्याशिवाय कोणालाच नाही, आम्ही कुठे लिहीतसुद्धा नाही.

हे शहर कुठे चाललं आहे? कोण करतं असं?

ब्रांडलला फोन केला. एवढंच म्हटलं की मुलीला मारलंय. तो हळहळला. "उजवा हात ना? आता लिहायची पंचाईत होणार बिचारीची," म्हणाला. वेळेला शेजारीच उपयोगी पडतो. फुलं पाठवतो म्हणाला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

साधना आश्रमात रजा टाकून दिवसभर ईप्सिताजवळ असते. आज घरी येऊन माझ्यासमोर बसली. अजून कोट काढला नव्हता.

"अहो, तुम्ही कोणाला सांगितलं होतंत?"

"काय?"

"त्या खोलीचं. तुम्ही बॅग द्यायला गेला होतात. तुम्हाला माहीत होतं."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. समोरची काचेची बरणी उचलून भिंतीवर मारली. तुकडा तिच्या गालाजवळून गेला. ती हलली नाही. आश्रमात कोणी म्हातारा हात उगारतो तेव्हा ती अशीच स्थिर राहते, असं मनोरमा एकदा सांगत होती.

"मी फक्त विचारलं," ती म्हणाली आणि केरसुणी आणायला गेली.

ब्रांडलने चर्चेसाठी पत्ता विचारला होता. चर्चेसाठी. त्यातून काही निघत नाही. हल्ला करायचा असता तर तो मला विचारेल का? माझ्याच मुलीवर?

फुलं आली. पांढरी. साधनाने ती जिन्यातच ठेवली.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

"उजवा हात ना?"

मी त्याला कुठला हात ते सांगितलंच नव्हतं.

शनिवार, १८ ऑक्टोबर, रुग्णालय

तीन बरगड्या मोडल्या आहेत. डाव्या मूत्रपिंडाची बाजू काळीनिळी. लघवीतून रक्त जातं. लिहिताना दर ओळीला थांबावं लागतं, पण आजच लिहायचं आहे. उद्या मी यातलं काहीतरी गाळेन.

काल दुपारी ऑफिसातून थेट यार्डावर गेलो. उरलेली पत्रकं परत करायची, हे निमित्त. टोबी ट्रकमध्ये नळ्या भरत होता. उजव्या हातात हातमोजा होता, डाव्या हाताला पट्टी, अंगठ्याखाली.

"काय लागलं?" मी विचारलं.

तो हसला. पट्टी वर उचलून दाखवली. दातांचं अर्धवर्तुळ, कडेने पिवळं पडलेलं. "तुझी पोरगी कुत्र्यासारखी चावते."

बाजूला लाकडी फळ्या होत्या. मी एक उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. गालाची कातडी फाटलेली दिसली. पुन्हा मारली. तो गुडघ्यावर आला तेव्हा मी तिसऱ्यांदा मारली, तेव्हा तो हात डोक्यावर घेऊन "नको" म्हणत होता. मला ते ऐकून बरं वाटलं. आणखी मारायचं होतं. हे पोलिसांना अजून सांगितलेलं नाही, पण इथे लिहितो.

मग मागून दोघांनी मला पाडलं. बुटांना पुढे लोखंड असतं. पहिली लाथ पाठीत बसली तेव्हा डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. मी कोणाचा तरी पाय धरला, त्याने दुसऱ्या पायाने माझ्या डाव्या हाताची बोटं चिरडली. तोंडात खडी आणि रक्त. मोजत नव्हतो. एकाने माझ्या मानेवर बूट ठेवला आणि म्हणाला, "काय रे, सगळ्यांना सारखंच ना?" बाकीचे हसले.

ब्रांडल ऑफिसच्या पायरीवर कॉफीचा कप घेऊन उभा होता. त्याने या वेळी लवकर "बास" म्हटलं नाही.

शेवटी जवळ येऊन उकिडवा बसला. आवाज नेहमीसारखाच, कुंपणापलीकडून बोलतो तसा. "मी फक्त धाक दाखवा म्हटलं होतं, श्याम. पोरं जरा पुढे गेली. पण तू पोलिसांकडे गेलास तर काय सांगशील? पत्ता कोणी दिला?"

मला रस्त्यावर आणून टाकलं. एका बसचालकाने रुग्णवाहिका बोलावली.

माझ्यावर चार तास चार-पाच माणसं काम करत होती. मला कोणी विचारलं नाही की मी किती टक्के भरले.

सोमवार, २० ऑक्टोबर

साधनाला सांगितलं. ती म्हणाली, "मला बरणी फुटली तेव्हाच कळलं."

मग बराच वेळ माझ्या बोटांची पट्टी बदलत बसली. हलक्या हाताने, परक्या माणसाची बदलतात तशी. जाताना म्हणाली, "मला सांगून उपयोग नाही. तिला सांगा."

शनिवार, २५ ऑक्टोबर

घरी सोडलं. ईप्सिताही दहा दिवसांपासून इथेच आहे, तिच्या जुन्या खोलीत. साधनाने तिला आणलं तेव्हा मी घरी होतो, पण ती माझ्याशी बोलली नव्हती. आज मी भिंतीला धरून तिच्या दारापर्यंत गेलो.

"तुमच्या खोलीचा पत्ता मी दिला," मी म्हटलं. "चर्चेसाठी मागितला होता. मला वाटलं, चर्चेसाठीच."

मग टोबीच्या हातावरच्या चाव्याचं आणि फळीचंही सांगितलं. ती मराठीत बोलली. कित्येक वर्षांत एवढी मराठी तिच्या तोंडून ऐकली नव्हती. शब्द शोधत शोधत बोलत होती.

"गुरुवार सांगितलास?"

"हो."

"वेळ?"

"हो."

"मागचं दार?"

मला वाटलं होतं, हे ती विचारणार नाही.

"तेही मीच सांगितलं."

ती खिडकीकडे वळली. प्लास्टरमधला हात उशीवर होता, बोटं सुजलेली. "मी योनासला म्हटलं, मागून पळ. मीच त्याला पुढे ढकललं." मग म्हणाली, "त्याचा डोळा गेला. काल कळलं."

मी खाली बसलो. मी म्हटलं, "मी त्यांच्याइतकाच गुन्हेगार आहे. जे त्यांना, तेच मला. मी पोलिसांना तसं सांगतो."

"नको." आवाज एकदम चढला. "परत तेच करतोयस. सगळ्यांना सारखं म्हटलं की तुला सोपं जातं, कोणालाच नीट बघावं लागत नाही. माझा हात टोबीने धरून ठेवला, ते त्याचं. पाठवलं ब्रांडलने, त्याचं टोबीपेक्षा मोठं. तुझं कमी आहे. पण बाबा, तुझं शून्य नाही."

मी मान हलवली.

"जेवढं आहे तेवढं सगळं सांग. फळीचं सांग, माझ्या ओठाचंही सांग. टोबी तिथे होता, त्याने ते पाहिलं होतं. त्याला तेव्हाच कळलं की मला मारलं तर तू काही करणार नाहीस."

हे मला आजवर सुचलं नव्हतं.

बुधवार, २९ ऑक्टोबर

जबानी दिली. पावणेचार तास. पोलीस बाई प्रत्येक वाक्य दोनदा विचारत होत्या. पहिल्या शनिवारच्या दाढीवाल्या माणसापासून सुरुवात केली. त्याला मी ढकललं होतं. आता नक्की आठवतं. नावं ईप्सिताने आधीच कळवली होती, ब्रांडल आणि टोबी सोमवारपासून कोठडीत आहेत. माझ्यावरही टोबीला मारल्याचा गुन्हा दाखल झाला. पत्त्याचं काय ते सरकारी वकील ठरवतील. वकील देऊ का विचारलं, मी हो म्हटलं.

ईप्सिताची पुरवणी जबानी शेजारच्या खोलीत होती. आम्ही एकाच वेळी बाहेर पडलो. ती आता पुन्हा मित्रमैत्रिणींकडे राहायला जाणार आहे, बॅग सकाळीच साधनाने नेऊन दिली. बसथांब्यापर्यंत आम्ही बरोबर चाललो. मी माझ्या बरगड्यांमुळे हळू, ती माझ्यासाठी न थांबता दोन पावलं पुढे.

नदीवरून वारा येत होता. तिचं जाकीट उघडं होतं. एका हाताने चेन लावायचा प्रयत्न करत होती, खालचं टोक अडकत नव्हतं. तिसऱ्यांदा निसटलं तेव्हा मी पुढे होऊन हात केला.

ती एक पाऊल मागे सरली. रागाने नाही. गरम तव्यापासून हात मागे घेतात तसं, आपोआप.

थांब्यावर एक अनोळखी बाई उभी होती, हातात भाजीची पिशवी. ईप्सिता तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "माफ करा, जरा मदत कराल का?" त्या बाईने पिशवी खाली ठेवली, वाकून चेन अडकवली आणि सावकाश गळ्यापर्यंत वर ओढली.

मी पाच पावलांवर उभा होतो. बस आली, ती चढली.